बोरीकाठी रुजलेली शाहिरी

बोदवडच्या कुठल्याही शाळेत सकाळी प्रार्थनेच्या वेळेला गेलात, तर राष्ट्रगीताच्या जोडीनं आता राज्यगीतही ऐकू येतं. राज्य सरकारनं ‘जय जय महाराष्ट्र माझा’ला राज्यगीताचा मान दिला आणि १९ फेब्रुवारी २०२३ च्या शिवजयंतीपासून तो लागू झाला. मूळ गाण्यातली दोन कडवी त्यासाठी निवडली गेली. शब्द राजा बढे यांचे, चाल श्रीनिवास खळे यांची आणि आवाज शाहीर साबळे यांचा. गुरुजी मुलांना ही तीन नावं सांगतात, मुलं ती पाठ करतात. पण ज्या आवाजानं हे गाणं घराघरात नेलं, तो आवाज कोवळ्या वयात आपल्याच खान्देशात वाढला, हे मात्र वर्गात कुणी सांगत नाही. सांगणाऱ्यालाच ते ठाऊक नसतं, तर मुलांचा काय दोष?

बोदवडहून भुसावळला गाडी बदलायची, जळगाव मागं टाकून सुरतेच्या मार्गाला लागायचं. पाळधी, धरणगाव गेलं की अमळनेर. बोरी नदीच्या काठचं हे गाव. सातारा जिल्ह्यातल्या वाईजवळच्या पसरणीचा कृष्णा गणपत साबळे नावाचा मुलगा शिकायला म्हणून या गावी, आपल्या आजोळी, आला. त्याचा जन्म ३ सप्टेंबर १९२३ चा. वडील वारकरी, भजनात रमणारे. आई जात्यावर ओव्या म्हणणारी. गळा घरातूनच मिळाला होता. पण गळा असणं आणि तो कशासाठी वापरायचा हे कळणं, यांत फार मोठं अंतर असतं. माझ्या मते ते अंतर या मुलानं अमळनेरात कापलं.

तेव्हाचं अमळनेर कसं होतं ते थोडं सविस्तर सांगायला हवं. प्रताप मिलमुळे गावात कामगारांची वस्ती होती. मिलच्याच प्रतापशेठजींच्या आधारानं उभं राहिलेलं तत्त्वज्ञान मंदिर होतं, जिथं दुरून अभ्यासक येत. संत सखाराम महाराजांचं संस्थान होतं. वैशाखात बोरीच्या वाळवंटात त्यांची यात्रा भरते, रथ निघतो, पालखी निघते, दिंड्या आणि फडांची गर्दी होते. गिरणी, तत्त्वज्ञान आणि टाळमृदंग एकाच गावात नांदत होते. आणि या सगळ्यांवर एका माणसाची सावली होती. १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी इथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. मिठाच्या सत्याग्रहाच्या वेळी त्यांनी नोकरी सोडली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनीच लिहून घेतली. १९३६ च्या डिसेंबरात तापीपल्याड फैजपूरला काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं, तेव्हा खेडोपाडी फिरून लोकांना जागं करणाऱ्यांत गुरुजी पुढं होते. त्या अधिवेशनाचा मंडप नंदलाल बोसांनी बांबू आणि गावच्या साध्यासुध्या सामानातून सजवला होता. कृष्णा साबळे तेव्हा तेरा वर्षांचा होता.

म्हणजे हा मुलगा गुरुजींच्या वर्गात बसला नाही. तो वयात आला तोवर गुरुजींनी शाळा सोडली होती. पण अमळनेर त्यांचंच होतं. कामगारांच्या सभा, प्रभातफेऱ्या, ‘काँग्रेस’ साप्ताहिक हे सगळं तिथूनच चाललं होतं. गुरुजी सभेत बोलत, बोलता बोलता रडत, आणि सभेआधी कुणीतरी गाणं म्हणावं असा त्यांचा आग्रह असे. चांगला गळा असलेला पोरगा अशा गावात गुरुजींच्या नजरेला पडला नसता तरच नवल. साबळ्यांनी पुढं आयुष्यभर गुरुजींचं ऋण सांगितलं. सातवीच्या पुढं शाळा काही झाली नाही. पण गाणं करमणुकीचं असतं तसं ते कामाचंही असतं, चार माणसं एकत्र आणण्याचं, एखादं दार उघडायला लावण्याचं असतं, हे शिक्षण बोरीकाठी पुरं झालं होतं.

त्याचा पडताळा लवकरच आला. बेचाळीसच्या चळवळीत हा तरुण डफ घेऊन गावोगाव गायला लागला. आणि १९४५ मध्ये स्वतःच्या पसरणी गावात भैरवनाथाचं देऊळ दलितांसाठी खुलं करण्याचा घाट त्यानं घातला. त्यासाठी साने गुरुजी आले, सेनापती बापट आले, क्रांतिसिंह नाना पाटील आणि कर्मवीर भाऊराव पाटील आले. वाईजवळच्या एका लहानशा गावात ही माणसं एकत्र आणणारा मुलगा एकवीस-बावीस वर्षांचा होता. पंढरपूरच्या मंदिरासाठी गुरुजींचं उपोषण १९४७ च्या मे महिन्यात झालं. पसरणीचं देऊळ त्याच्या दोन वर्षं आधीचं. शाहीर साबळे म्हटलं की आपल्याला फेटा, डफ आणि खणखणीत आवाज आठवतो. हे देऊळ सहसा कुणाला आठवत नाही, आणि ते आठवायला हवं.

मुंबईत ते आले ते पोटासाठी. शाहिरीचे धडे त्यांनी शाहीर शंकरराव निकम यांच्याकडून घेतले. तो काळ शाहिरांचा होता. १९४४ मध्ये अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं होतं. राष्ट्र सेवा दलाचं कलापथक होतं. वसंत बापट, लीलाधर हेगडे, पुढं निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके अशी माणसं त्यातून तयार झाली. ही दोन्ही पथकं विचारांची होती, त्यांच्या पाठीशी संघटना होती. गाडीभाडं, राहणं-जेवणं, प्रेक्षक, सगळं कार्यकर्ते जमवत. ‘शाहीर साबळे आणि पार्टी’चं तसं नव्हतं. पाठीमागं पक्ष नाही, संघटना नाही. मिळणाऱ्या सुपारीवर सगळं चालायचं. गणेशोत्सव, शिवजयंती, गिरणगावातली मंडळं, गावच्या जत्रा यांची बोलावणी येतील तेवढीच चूल पेटायची. बिदागी ठरली की त्यातून ढोलकीवाला, तुणतुण्यावाला, झीलकरी, सोंगाड्या यांचा हिशेब. अशा पद्धतीनं पथक चालवायचं तर लोकांना आवडेल असं द्यावं लागतं आणि आपल्याला म्हणायचं तेही त्यातूनच म्हणावं लागतं. साबळ्यांची सारी कारकीर्द या दोन गोष्टींच्या ओढाताणीतून घडली असं मला वाटतं, आणि तिचं बळही त्यातच आहे.

या घडणीत एका बाईचा वाटा फार मोठा होता. शाहिरांच्या पहिल्या पत्नी भानुमती कवयित्री होत्या. पार्टीची कितीतरी गाणी त्यांनी लिहिली. पुढं दोघांची वाट वेगळी झाली. पण पार्टीच्या सुरुवातीच्या काळातल्या शब्दांवर त्यांची मोहोर आहे. शाहिरी म्हणजे पुरुषी गळ्याचा आणि पुरुषी विषयांचा प्रांत, हा समज किती अपुरा आहे, ते त्यांच्यामुळे कळतं. डफावर थाप मारणारा हात दिसतो. कागदावर लिहिणारा दिसत नाही.

शाहिराच्या पार्टीचं काम कसं चालतं, हे नव्या पिढीला सांगायला हवं, कारण त्यांनी ते बघितलेलं नाही. मधे शाहीर उभा, हातात डफ. मागं एकजण तुणतुणं छेडत सूर धरून ठेवतो, ढोलकी बोलते, झांज वाजते. शाहीर ओळ टाकतो आणि झीलकरी ‘जी जी रं जी’ करत ती उचलून धरतात. तेवढ्यात शाहिराला दम घेता येतो, पुढची ओळ मनात जुळवता येते आणि समोरच्या हजार माणसांचा रंग बघता येतो. पोवाड्यात मधेच गाणं थांबतं आणि शाहीर गद्यात बोलायला लागतो. तिथं खरा कस लागतो. गाव कोणतं, काल तिथं काय घडलं, पाऊस पडलाय की नाही, हे सगळं त्या बोलण्यात यावं लागतं. तुणतुण्याला एकच तार असते, पण ती सैल झाली तर सगळा फड बेसूर होतो. म्हणून शाहिराच्या खालोखाल जबाबदारी तुणतुण्यावाल्यावर. साबळ्यांचा आवाज उंच पट्टीतला, लखलखीत होता. कर्णे लागण्याच्या आधीच्या काळात तयार झालेला आवाज तो. मैदानाच्या शेवटच्या टोकाला पोचायचं म्हणजे काय, हे त्याला माहीत होतं.

१ मे १९६० या दिवसाशी या पार्टीचं नाव कायमचं जोडलं गेलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शाहिरांनी जेवढं काम केलं, तेवढं वर्तमानपत्रांनीही केलं नसेल. अमर शेख, अण्णा भाऊ, गव्हाणकर, आत्माराम पाटील यांच्या डफांनी मैदानं उठवली. साबळेही त्यातच होते. राज्य मिळालं तेव्हा त्या आनंदाला एक गाणं हवं होतं. ते नागपूरच्या मातीतल्या राजा बढेंनी लिहिलं, खळ्यांनी त्याला चाल दिली आणि शिवाजी पार्कावर साबळ्यांच्या कंठातून ते महाराष्ट्रानं ऐकलं. आमच्या जिल्ह्यालाही त्या वर्षी नवं नाव मिळालं. तोवर आम्ही पूर्व खान्देश होतो. महाराष्ट्र झाला आणि आम्ही जळगाव जिल्हा झालो, पश्चिम खान्देश धुळे झाला. विदर्भातला कवी आणि खान्देशात सातवी केलेला सातारकर गायक यांनी मिळून हे गाणं महाराष्ट्राला दिलं. राज्य एक झालं म्हणजे काय झालं, हे या गाण्याच्या जन्मातच दिसतं.

लोकगीतांच्या एखाद्या गटाचं गाणं साऱ्या प्रदेशाचं गाणं होणं, ही गोष्ट जगात इतरत्रही घडली आहे. स्कॉटलंडच्या एडिनबरा शहरात १९६२ मध्ये ‘द कॉरीज’ नावाचा गट सुरू झाला. पुढं त्यात रॉय विल्यमसन आणि रॉनी ब्राउन हे दोघंच उरले आणि दोघांनी मिळून जवळपास पाव शतक स्कॉटलंडची जुनी गाणी गावोगावी गायली. विल्यमसन हातानं वाद्यं बनवणारा माणूस. अनेक तंतुवाद्यं एकत्र जोडून त्यानं ‘कॉम्बोलिन’ नावाचं नवंच वाद्य तयार केलं होतं. साठच्या दशकात त्यानं ‘फ्लॉवर ऑफ स्कॉटलंड’ हे गाणं लिहिलं. विषय १३१४ सालच्या बॅनॉकबर्नच्या लढाईचा, जिथं रॉबर्ट द ब्रूसनं इंग्लंडच्या दुसऱ्या एडवर्डला हरवलं. मार्च १९९० मध्ये एडिनबराच्या मरेफील्ड मैदानावर स्कॉटलंड-इंग्लंड रग्बी सामन्याआधी खेळाडू आणि प्रेक्षक ते गायले, त्या दिवशी स्कॉटलंड १३-७ नं जिंकला आणि गाणं देशाचं झालं. विल्यमसन त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेला. ते गाणं लोकांनी मैदानावरून उचललं, सरकारनं नव्हे. आपल्याकडं लोकांनी १९६० मध्येच उचललं. सरकारी शिक्का उमटायला त्रेसष्ट वर्षं लागली. तोवर गीतकार, संगीतकार आणि गायक तिघंही गेले होते. राजा बढे १९७७ मध्ये, खळे २०११ मध्ये आणि शाहीर २० मार्च २०१५ ला.

एक गाणं इतकं गाजलं की पुढं त्याच गाण्यावर आयुष्य काढणं सोपं असतं. साबळ्यांनी तसं केलं नाही, आणि त्यांच्या कारकिर्दीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग इथून सुरू होतो. १९६० मध्येच त्यांनी ‘यमराज्यात एक रात्र’ रंगमंचावर आणलं. त्याला त्यांनी मुक्तनाट्य म्हटलं. थोडं मागं जायला हवं. १९४८ च्या सुमारास मुंबई राज्यात तमाशावर बंदी आली, मग संहिता तपासून घेण्याच्या अटीवर ती सैल झाली. त्यातून ‘लोकनाट्य’ हे सभ्य नाव रुजलं. तमाशाचा सांगाडा तोच होता: गण, गवळण, बतावणी, वग. साबळ्यांनी त्यातला वग घेतला, बतावणीतलं हजरजबाबी बोलणं घेतलं, शाहिरी गाणं घेतलं आणि त्यातून असं नाटक केलं की ज्यात यमाच्या दरबारात बसून मुंबईच्या महानगरपालिकेवर, पुढाऱ्यांवर, महागाईवर बोलता येईल. ‘आबुरावाचं लगीन’, ‘ग्यानबाची मेख’, ‘असुनी खास मालक घरचा’, ‘इंद्राच्या दरबारात तमासगीर’, ‘बापाचा बाप’ अशी एकामागून एक मुक्तनाट्यं आली. १९६६ चं ‘आंधळं दळतंय’ मुंबईतल्या मराठी माणसाच्या उपेक्षेवर होतं. त्याच वर्षीच्या १९ जूनला शिवसेनेची स्थापना झाली आणि त्या काळाची हवा समजून घेताना या मुक्तनाट्याचं नाव हमखास निघतं.

गाणाऱ्यांची पार्टी आणि नाटक करणारा संच यांत खूप फरक असतो. पार्टीला चार वाद्यं आणि एक टेम्पो पुरतो. नाटकाला नट लागतात, कपडेपट लागतो, तालमीची जागा लागते, नाट्यगृहाच्या तारखा लागतात आणि तालमीच्या दिवसांत पोटाला घालावं लागतं. ज्या गावांत नाट्यगृह नाही, तिथं काय करायचं? आपल्याकडं आजही तालुक्याच्या गावी नाट्यगृह म्हणजे मंगल कार्यालय नाहीतर बाजार समितीचं पटांगण. साबळ्यांनी यावर उत्तर शोधलं: रंगमंचच चाकांवर चढवायचा. फिरतं नाट्यगृह ही त्यांची कल्पना त्या काळाच्या पुढची होती. तंबू ठोकून राहुट्यांमध्ये फिरणारे तमाशाचे फड खान्देशानं पिढ्यान्‌पिढ्या पाहिले. चांगदेव-मुक्ताईच्या महाशिवरात्रीच्या यात्रेत ते उतरायचेच. पण रंगमंच, प्रकाशयोजना, सगळं गाडीवर घेऊन गावात शिरणं वेगळं. ते चालवायला पैशाचं पाठबळ लागतं आणि कलावंताकडं तेच नसतं. ही कल्पना टिकली नाही याचं मला आजही वाईट वाटतं, कारण बोदवडसारख्या गावांना तिची सर्वांत जास्त गरज होती आणि आहे.

मग तिसरं पर्व आलं, ‘महाराष्ट्राची लोकधारा’. आजचे बहुतेक लोक शाहिरांना याच कार्यक्रमामुळे ओळखतात. वासुदेव, गोंधळ, वाघ्या-मुरळी, जागरण, कोळीनृत्य, बाल्या नाच, धनगरी गजा, मंगळागौर, भारूड, लावणी, पोवाडा अशी साऱ्या महाराष्ट्राची लोकपरंपरा अडीच-तीन तासांत बांधून समोर यायची. एकनाथांचं ‘विंचू चावला’ हे भारूड चारशे वर्षं कीर्तनात होतंच; साबळ्यांनी ते अशा ढंगात म्हटलं की ते पुन्हा नव्यानं जन्मलं. ‘या गो दांड्यावरून’नं कोळीवाड्याची लाट साऱ्या राज्यात नेली. ‘मल्हारवारी’ची गोडी पुढच्या पिढीला २००४ च्या ‘अगं बाई अरेच्चा!’ या चित्रपटातून कळली. अजय-अतुलनी ते गाणं नव्या वाद्यमेळात उभं केलं आणि दिग्दर्शक होते शाहिरांचे नातू केदार शिंदे.

या लोकधारेनं एक मोठं काम केलं, ते म्हणजे माणसं घडवली. गिरणगावातली, चाळींतली, घरात नाटकाची परंपरा नसलेली पोरं त्यात नाचायला, सोंगं घ्यायला आली. भरत जाधव १९८५ च्या सुमारास इथूनच सुरू झाले. अंकुश चौधरी, केदार शिंदे, संतोष पवार, अरुण कदम हे सगळे त्याच मांडवाखालचे. नव्वदच्या दशकानंतर मराठी रंगभूमीवर जी धमाल लोकनाट्यं गाजली, त्यांतली लय, हशा काढायची वेळ, प्रेक्षकाला थेट हाक मारायची धिटाई कुठून आली, असं कुणी विचारलं तर उत्तर इथं आहे. घरातही तीच गोष्ट: मुलगा देवदत्त संगीतकार झाला, ‘ही चाल तुरुतुरु’ची चाल त्याची, मुलगी चारुशीला अभिनेत्री. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९८४ मध्ये आणि पद्मश्री १९९८ मध्ये मिळाली. ‘माझा पवाडा’ हे आत्मचरित्र त्यांनी लिहिलं. पसरणीला तपस्याश्रम काढला, शाहिरी शिकवण्यासाठी प्रतिष्ठान स्थापन केलं. २८ एप्रिल २०२३ ला ‘महाराष्ट्र शाहीर’ हा चित्रपट आला. आजोबांवर नातवानं केलेला, आणि शाहिरांची भूमिका केली त्यांच्याच लोकधारेत वाढलेल्या अंकुश चौधरीनं.

लोकधारेबद्दल एक आक्षेप अभ्यासक घेत आले आहेत, आणि तो बाजूला सारण्यासारखा नाही. जागरण रात्रभर चालतं. त्यात घरचा देव असतो, नवस असतो, कोटंबा असतो, पहाटेची लंगर तोडायची वेळ असते. मंचावर ते सात मिनिटांचं होतं. गोंधळी घरात येतो तेव्हा तो कुळाचा असतो. मंचावर तो नर्तक असतो, त्याच्या संबळीच्या जागी कधी ढोलकी येते, कवड्यांच्या माळा रंगपटातल्या असतात. मूळ माणूस गावातच राहतो, त्याच्या गाण्याला टाळ्या दुसरीकडं पडतात. हे सगळं खरं आहे. तरी माझं मत लोकधारेच्या बाजूनं आहे. शहरात गेलेल्या, गोंधळ्याला दारात उभं करायला लाजणाऱ्या एका सबंध पिढीला साबळ्यांनी त्या गाण्याचा अभिमान परत दिला. अभिमान असेल तरच कुणी मुळापर्यंत जाईल. पुढचं काम, म्हणजे मूळ गाणाऱ्याला त्याचं नाव आणि त्याचा पैसा मिळवून देणं, हे एका पार्टीचं नव्हतं. ते आपण सगळ्यांनी करायचं होतं.

इथं मी खान्देशाकडं येतो. लोकधारेच्या त्या प्रवाहात कोकण आहे, देश आहे, मराठवाडा आहे. खान्देश मात्र अगदी क्षीण आहे. बोरीकाठी वाढलेल्या माणसाच्या कार्यक्रमात असं व्हावं याचं मला पूर्वी नवल वाटायचं. आता वाटतं, दोष आपलाही आहे. आपण दिलं काय? आपल्याकडं काय कमी होतं? श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रोट होतात, रात्रभर गाणी होतात आणि सोमवारी सारं गाव तिला नदीवर पोचवायला नाचत जातं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावरची माहेरवाशिणींची गाणी. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी घरोघर भुलाबाई गातात, खिरापत ओळखायला लावतात. आणि वहीगायन, डफाच्या तालावर रात्रभर कथा सांगणारं पुरुषांचं समूहगान, जे खान्देशाबाहेर फारसं कुणी ऐकलेलं नाही. आमच्या बोदवड-जामनेरकडची बोली तावडी; पश्चिमेला अहिराणी; मलकापूर ओलांडलं की वऱ्हाडी. भुलाबाईचं एकच गाणं या तीन बोलींत कसं रूप पालटतं, ते ऐकण्यासारखं आहे. हे सगळं कुणीतरी एका ठिकाणी बांधायला हवं होतं.

बांधलं की काय होतं, याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर त्यांना सुचलेलं घरातल्या मुलांनी लिहून घेतलं म्हणून ते उरलं. १९५१ च्या डिसेंबरात त्या गेल्या. मुलगा सोपानदेव यांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली. ती वही नसती तर मराठीनं एक फार मोठी कवयित्री गमावली असती आणि मराठीला ते कळलंही नसतं. गावागावांत वह्या न झालेल्या कितीतरी बहिणाबाई होत्या.

म्हणून आज खान्देशात साबळ्यांसारखं एखादं पथक उभं राहायला हवं असं मला मनापासून वाटतं, आणि ते त्यांच्यापेक्षा एका बाबतीत वेगळं असावं: त्यात मूळ गाणारी माणसं असावीत आणि प्रत्येकाचं नाव कागदावर असावं. शाहीर साबळे हे नाव साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. पण ‘आणि पार्टी’तल्या ढोलकीवाल्यांची, तुणतुण्यावाल्यांची, झील धरणाऱ्यांची नावं सांगणारे आता फार थोडे उरलेत. लाल बावट्याचंही तेच, सेवा दलाचंही तेच. आपल्या वहीमंडळांचं तर विचारूच नका.

नाव कागदावर असण्याचा संबंध पोटाशीही आहे. वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांसाठी राज्य सरकारची मानधन योजना आहे. तिला आता राजर्षी शाहू महाराजांचं नाव दिलं आहे आणि मानधन महिना ५,००० रुपये झालं आहे. वयाची पन्नाशी आणि कलेतलं किमान १५ वर्षांचं योगदान ही तिची अट. योगदान दाखवायचं कशानं? कार्यक्रमपत्रिका, प्रमाणपत्रं, वर्तमानपत्रातली कात्रणं. चाळीस वर्षं कानबाईच्या रात्री गाणाऱ्या माणसाजवळ यातलं एकही नसतं. त्याला कुणी पत्रिका छापून बोलावलेलं नसतं. निरोप आला आणि तो डफ घेऊन गेला, एवढंच. नाव, तारीख, सुपारी, कार्यक्रम यांची नोंद, तेवढी जरी एखाद्या गावच्या मंडळानं ठेवली, तरी त्यातल्या म्हाताऱ्यांच्या अर्जाला आधार मिळेल.

बोदवडला कापसाचा हंगाम आटोपतो आणि आखाजी यायची असते, त्या मधल्या दिवसांत हाताला थोडी उसंत असते. शाळांनाही वार्षिक परीक्षेनंतर वेळ असतो. राज्यगीत शिकवणाऱ्या शिक्षकांनी त्याच मुलांना घरी पाठवावं, आजीकडून भुलाबाईची दोन गाणी आणि शेजारच्या वहीवाल्या बाबांकडून एक वही त्यांच्या नावासकट, गावासकट, वयासकट लिहून आणायला सांगावं. मोबाईल प्रत्येक घरात आहे. आवाजही टिपता येईल. पसरणीचा एक मुलगा शिकायला आला, तेव्हा अमळनेरात त्याचं गाणं ऐकून घेणारा एक शिक्षक होता. आमच्या तालुक्यात शिक्षक पुष्कळ आहेत.